विस्मरण आठवड्यांत वाढत असेल तर

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं डोकं पहिल्यासारखं चालत नाही असं वाटायला लागलं, तर रक्त द्यायला बाहेर पडण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा. दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख ज्या चौकटींत लिहिता, तिथंच आठवून आठवून टिपा. गणपतीत आईनं आरत्या न अडखळता म्हटल्या होत्या का? दसऱ्याला लक्ष्मी रोडवरून ती एकटी घरी आली होती का? दिवाळीत भाजणीचं प्रमाण तिनं सांगितलं, की सुनेला शेजारी विचारावं लागलं? तुळशीच्या लग्नाला तिला घरातलीच मोरी सापडेनाशी झाली होती का? गणपतीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत दोन-अडीच महिने होतात. एवढ्या अवधीत माणूस इतका खाली आला असेल, तर त्याला वयाचा विसराळूपणा म्हणू नका आणि पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट घेऊन थांबू नका. हीच घसरण तीन-चार वर्षांत झाली असेल तर इतकी घाई नाही, पण मग तपासण्याही वेगळ्या.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. नारायण पेठेत, मोदी गणपतीपासून हाकेच्या अंतरावर, तीस वर्षं लॅब चालवते. अलीकडे काउंटरवर एक प्रश्न सारखा येतो: मेंदूची ती नवी रक्तचाचणी तुमच्याकडे होते का? विचारणारा बहुतेक वेळा पन्नाशीतला मुलगा किंवा मुलगी असते आणि हातात आईची किंवा वडिलांची फुगलेली फाइल. मागे लोक रांगेत उपाशीपोटी उभे असताना दोन मिनिटांत जे सांगता येत नाही, ते इथं लिहिते.

मेंदूच्या आजारात रक्त काढायचं ते सगळ्यात आधी बरं होण्याजोगं कारण शोधण्यासाठी. नव्या मार्करांची पाळी त्यानंतर येते. हा क्रम उलटला की पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे दिवस जातात.

बरं होण्याजोगी कारणं साध्या, जुन्या, स्वस्त तपासण्यांत सापडतात. सोडियम बघा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या कितीतरी आजोबांचं सोडियम उतरतं आणि ते असंबद्ध बोलायला लागतात. ते सावकाश वर आणलं की माणूस पुन्हा पेपर वाचायला बसतो. थायरॉइड बघा. साखर, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि लिव्हरच्या तपासण्या करून घ्या. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (म्हणजे सिफिलिसची) या दोन तपासण्या डॉक्टरांनी लिहून दिल्या तर नाक मुरडू नका. मेंदूवर उतरणारे हे दोन्ही आजार औषधानं आटोक्यात येतात आणि ते वय किंवा घराणं बघत नाहीत.

आणि बी-ट्वेल्व. यावर पुण्यात बोलावं तेवढं थोडं. केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ साली पुणे आणि परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ६७ टक्के पुरुषांचं बी-ट्वेल्व कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. शाकाहारी जेवण हे मोठं कारण, आणि त्यावर मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर पातळी आणखी खाली जाते. बी-ट्वेल्व फार कमी झालं की पायांना मुंग्या येतात, चाल डळमळते आणि स्मरणशक्तीही ढासळते. पण या आकड्याला दुसरी बाजू आहे. जे दर तीन पुणेकरांत दोघांचं कमी असतं, ते तुमच्या आईचंही कमी निघणार. म्हणून तिच्या आजाराचं कारण तेच, असं होत नाही. इंजेक्शनं सुरू करा, आणि शोधही चालू ठेवा.

नमुना देण्याबद्दल तीन गोष्टी सांगते, कारण या चुका मी रोज बघते. बी-ट्वेल्वचं लाल इंजेक्शन आधी आणि तपासणी नंतर असं करू नका. एका इंजेक्शननंतरही आकडा भरघोस येतो आणि आधी किती कमतरता होती ते कायमचं झाकलं जातं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबमध्ये सांगा आणि दोन-तीन दिवस बंद ठेवा, कारण थायरॉइडचा रिपोर्ट त्यामुळं चुकतो. आणि हॉस्पिटलमध्ये प्रतिपिंडांच्या तपासणीसाठी रक्त घ्यायचं असेल, तर आयव्हीआयजी हे इंजेक्शन सुरू होण्याआधी ते घेतलं गेलंय ना, एवढं विचाराच. त्या इंजेक्शनात हजारो रक्तदात्यांची प्रतिपिंडं असतात. नंतर घेतलेल्या नमुन्यात रुग्णाची कोणती आणि बाहेरची कोणती, हे उलगडत नाही.

ही प्रतिपिंडांची तपासणी म्हणजे गेल्या पंधरा-वीस वर्षांत रक्तानं मेंदूच्या रुग्णांना दिलेली सगळ्यात मोठी देणगी, असं माझं मत आहे. ऑटोइम्यून एन्सेफलायटिस या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा मेंदूवरच उलटते. एलजीआय-वन नावाच्या प्रकारात साठीतल्या माणसाचा चेहरा आणि हात एकाच बाजूला क्षणभर खेचला जातो, दिवसातून अनेकदा. हातातला चहा सांडतो, घरचे म्हणतात झटके हलके आहेत. सोडियम कमी निघतं. काही आठवड्यांत स्मरणशक्ती जाते. एनएमडीए प्रकारात तरुण मुलगी अचानक भलतंसलतं बोलायला लागते आणि घरचे आधी अंगारा-धुपारा करतात, मग मानसोपचाराकडे जातात. दोन्ही प्रकार वेळेत ओळखले तर स्टिरॉइड, आयव्हीआयजी किंवा रक्तद्रव बदलण्याच्या उपचारांनी खूप रुग्ण घरी परततात, कामालाही लागतात. आणि दोन्ही प्रकारांना असाध्य आजार समजून सोडून दिलं जाण्याची भीती असते. म्हणून झपाट्यानं ढासळणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या डॉक्टरांना विचारा: ऑटोइम्यून एन्सेफलायटिसची तपासणी झाली का?

रक्तात मुळीच न दिसणारं एक कारणही ध्यानात ठेवा. बाथरूममध्ये पाय घसरून पडणं, डोक्याला थोडा मार, त्या दिवशी काहीच नाही. तीन-चार आठवड्यांनी आजोबा सुस्त, बोलण्यात गोंधळ. कवटीच्या आत साकळलेलं रक्त सीटी स्कॅनवर मिनिटांत दिसतं आणि शस्त्रक्रियेनं काढता येतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पडल्याची गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी सांगा.

आता जे असाध्य आहे त्याबद्दल.

आमच्या गल्लीतल्या एका वाड्यातल्या काकू, वय चौसष्ट, पहिल्यांदा स्वतः चालत माझ्याकडे रक्त द्यायला आल्या होत्या. तक्रार एवढीच, की जिन्याच्या पायऱ्या वाकड्या दिसतात. चष्म्याचा नंबर बदलून झाला होता. बी-ट्वेल्व कमी निघालं, आणि घरच्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं. इंजेक्शनांचा गुण येईल म्हणून सगळ्यांनी तीन आठवडे वाट पाहिली. तोवर त्यांना साडीच्या निऱ्या घालता येईनाशा झाल्या. पाचव्या आठवड्यात त्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं. नमुना घ्यायला मी घरी गेले, तेव्हा आत कुकरची शिट्टी झाली आणि त्यांचं अख्खं अंग दचकून उडालं. पुन्हा शिट्टी, पुन्हा तसंच. त्यांच्या मुलाला मी त्याच संध्याकाळी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. एमआरआयवर मेंदूच्या घड्यांच्या कडेनं पांढरी फीत उमटली होती. क्रॉइट्सफेल्ट-याकोब आजार, म्हणजे सीजेडी.

हा आजार दर दहा लाखांत वर्षाला एक-दोघांना होतो. ऐकायला नगण्य वाटतं, पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींच्या वर होती. त्या हिशेबानं राज्यात दरवर्षी शंभरावर माणसं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये या आजाराची नोंद ठेवली जाते. तिथल्या डॉक्टरांनी १९७१ ते १९९० या वीस वर्षांचा आढावा घेतला तेव्हा देशभरातून जेमतेम तीस रुग्ण नोंदले गेले होते. बाकीचे स्मृतिभ्रंश, पक्षाघात, कधी वेड अशा नावांखाली गेले असणार. निदान झाल्यावर बहुतेकांच्या हातात काही महिनेच असतात.

आजाराचं मूळ प्रायॉन नावाच्या प्रथिनात आहे. हे नाव स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली दिलं आणि १९९७ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. यात ना जिवाणू असतो ना विषाणू. आपल्या प्रत्येकाच्या मेंदूत असलेलं एक प्रथिन चुकीच्या घडीत दुमडतं आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तशीच घडी घालायला लावतं. दुधाला विरजण लागतं तसं. चमचाभर दही पातेलंभर दुधाला स्वतःसारखं करतं, आणि लागलेलं विरजण परत काढता येत नाही.

या आजाराची उत्तम चाचणीही विरजणाचीच आहे. आरटी-क्विक हे तिचं नाव. चांगलं प्रथिन नळीत घ्यायचं, त्यात रुग्णाच्या पाठीतल्या पाण्याचे थेंब घालायचे, हलवत ठेवायचं आणि ते लागतंय का बघायचं. लागलं, तर निदान जवळजवळ पक्कं. ही चाचणी खोटं "आहे" क्वचितच म्हणते. मग हेच रक्ताच्या थेंबानं का करत नाहीत? रक्तात बिघडलेलं प्रथिन अत्यल्प असतं आणि विरजण लागू न देणारे पदार्थही असतात. ब्रिटनमध्ये गाईच्या मांसातून आलेल्या सीजेडीच्या वेगळ्या प्रकारात रक्तावर चाचणी करून दाखवली गेली आहे, पण आपल्याकडे आढळणाऱ्या नेहमीच्या प्रकारात आज तरी रक्तावरून प्रायॉन पकडण्याची चाचणी दवाखान्यात नाही. कुणी तशी चाचणी म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. एमआरआय सांगताना मात्र "डिफ्यूजन" घ्यायला लावा, शंका कोणती आहे ते चिठ्ठीवर लिहून घ्या आणि छापील रिपोर्टवर न थांबता सीडी जवळ ठेवा. ती पांढरी फीत पहिल्या नजरेला निसटू शकते. दुसऱ्या डॉक्टरला मूळ चित्रं दाखवता आली पाहिजेत.

मग नवे मार्कर कुठं उपयोगी पडतात? मेंदूतल्या पेशी मोडल्या की त्यांच्यातली प्रथिनं पाठीतल्या पाण्यात उतरतात आणि तिथून अगदी थोडी रक्तात येतात. किती थोडी, ते सांगते. खडकवासल्याचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी, हा आकडा पुणेकरांना पाठ असतो. त्या भरल्या धरणात एक किलो साखर विरघळवली तर पाण्यात तिचं जे प्रमाण होईल, साधारण त्याच प्रमाणात न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन साठीतल्या निरोगी माणसाच्या रक्तात असतं: मिलिलिटरला वीसच्या आसपास पिकोग्रॅम. एवढं बारीक मोजणारी यंत्रं गेल्या पंधरा वर्षांतली आहेत.

न्यूरोफिलामेंट म्हणजे चेतातंतूंच्या आतला सांगाडा. आपल्या पेठेत कुठला तरी वाडा पाडायला घेतला की केळकर रस्त्यापर्यंत धूळ येते. धुळीवरून कळतं की जवळपास काही कोसळतंय, आणि धूळ दाट असेल तर जोरात कोसळतंय. कुठला वाडा, पावसानं पडला की पाडला, ते त्यातून कळत नाही. हे प्रथिन तसंच आहे. सीजेडीत ते फार चढतं, पण मोटर न्यूरॉन आजारात, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, पक्षाघातानंतर आणि डोक्याला मार लागल्यावरही चढतं. वयानं वाढतं, किडनी मंदावली असेल तर वाढतं, लठ्ठ माणसात थोडं कमी दिसतं. म्हणून त्याचा रिपोर्ट क्रिएटिनिनच्या रिपोर्टशेजारी ठेवून वाचायचा असतो. आजाराचं नाव विचारायला ते कामाचं नाही. एखाद्या पन्नाशीतल्या माणसाचं बदललेलं वागणं नैराश्यातून आलंय की पेशी खरंच मोडतायत, किंवा औषधानं पडझड मंदावली का, अशा प्रश्नांना ते चांगलं उत्तर देतं. मोटर न्यूरॉन आजाराच्या एका आनुवंशिक प्रकारावरचं टोफर्सेन हे औषध २०२३ साली अमेरिकेत मंजूर झालं, ते रक्तातलं हे प्रथिन उतरलं या आधारावर.

अल्झायमरपुरतं चित्र पुष्कळ पुढे गेलंय. पी-टाऊ-२१७ हे प्रथिन अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइडबद्दल बरंच नेमकं बोलतं. अमेरिकेच्या एफडीएनं मे २०२५ मध्ये यावर आधारलेल्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली. चाचणी होकारार्थी आलेल्यांपैकी ९१.७ टक्के लोकांत पेट स्कॅननं किंवा पाठीतल्या पाण्यानं तेच सांगितलं, नकारार्थी आलेल्यांत ९७.३ टक्के. पाचांतल्या एकाहून थोड्या कमी लोकांचं उत्तर मात्र अधांतरी राहिलं. आणि परवानगी आहे ती पंचावन्नच्या पुढच्या, स्मृतीची तक्रार असलेल्या माणसासाठी, तज्ज्ञानं तपासल्यावर. दोन-तीन वर्षांपासून हळूहळू विसरणाऱ्या वडिलांसाठी न्यूरॉलॉजिस्टनी ही चाचणी सुचवली, तर जरूर करा. नमुना जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात आणि काही तासांत त्यातला रक्तद्रव वेगळा करून गोठवावा लागतो. तो कुठं आणि कधी वेगळा करणार, हे लॅबला विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

ज्याची काहीच तक्रार नाही त्यानं ही चाचणी करू नये. हे मी ठामपणे सांगते. माझ्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षकांनी कुठल्याशा पॅकेजमध्ये ती करून घेतली. आकडा सीमारेषेच्या जरासा वर. तीन महिने ते झोपले नाहीत, मुलांना मृत्युपत्राविषयी सांगून बसले. त्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं होतं, आणि किडनीच्या आजारात हे प्रथिनही वाढतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चाचणीआधी डॉक्टरांना एकच विचारा: या उत्तरानं पुढचं काय बदलणार? औषध, काळजी, घरातली व्यवस्था यांपैकी काही बदलणार असेल तर रक्त द्या.

सीजेडीत रक्ताची एक तपासणी मात्र पूर्ण पक्की आहे, ती जनुकाची. शंभरातल्या दहा-पंधरा रुग्णांत आजार घराण्यातून आलेला असतो. रुग्णाच्या रक्तावरून ते कळतं, पण त्या उत्तराशी भावंडांचं आणि मुलांचंही आयुष्य बांधलेलं असतं, म्हणून जनुकीय समुपदेशकाशी बोलल्याशिवाय नळी भरू नका, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांची तपासणी तर नकोच. अमेरिकेतल्या सोनिया वल्लभ यांची आई २०१० साली अशा आजारानं गेली. त्या कायद्याच्या पदवीधर होत्या. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःची तपासणी केली, तोच दोष निघाला, आणि पती एरिक मिनिकेल यांच्यासह त्या विज्ञानाकडे वळून याच आजाराच्या संशोधक झाल्या. प्रायॉन प्रथिन तयार होणंच कमी करणारं एक औषध आता माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलंय. पण जाणून घेणं त्यांना मानवलं म्हणून सगळ्यांना मानवेल असं नाही. न जाणण्याचा निर्णयही तितकाच शहाणपणाचा असू शकतो.

निदान झाल्यावर घरात पहिली भीती लागण होण्याची. स्पर्शानं, भरवण्यानं, आंघोळ घालण्यानं, एका ताटात जेवल्यानं सीजेडी लागत नाही. भांडी वेगळी करू नका, नातवंडांना लांब ठेवू नका. रक्त किंवा जखम हाताळताना हातमोजे घाला. दातांचं काम किंवा कोणतीही शस्त्रक्रिया असेल तर निदान आधी सांगा, आणि पाठीतल्या पाण्याचा नमुना पाठवताना लॅबलाही सांगा, कारण नेहमीच्या निर्जंतुकीकरणानं प्रायॉन मरत नाहीत. त्याला १३४ अंशांची वाफ आणि कॉस्टिक सोडा लागतो. शेवटच्या विधींना काही आडकाठी नाही.

आणि घर शांत ठेवा. अचानक आवाज, भक्कन लागलेला दिवा, न सांगता केलेला स्पर्श, या प्रत्येकानं रुग्णाचं अंग उडतं. झटके कमी करायला औषध मिळतं, ते मागून घ्या. कूस बदलण्याआधी नाव घेऊन सांगा, त्यांना कळतंय की नाही याचा विचार न करता. काकू पुढे दोन महिने होत्या. तेवढे दिवस त्या घरात कुकर लागला नाही. सून भात पातेल्यात शिजवायची, आणि दाराची बेल काढून तिथं तिनं पाटी लावली होती: हाक मारा, हळू.